समुपदेशनातून उपदेश वजा केला तर?

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)

माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे 'काउन्सेलिंग' हा शब्द मला आधी भेटला आणि 'समुपदेशन' बऱ्याच उशिरा. उशिरा भेटलेल्या शब्दाकडे आपण जरा निरखून बघतो. सम् अधिक उपदेशन. म्हणजे शब्दाच्या पोटातच उपदेश बसलेला! मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत समुपदेशकाकडे येणाऱ्याला 'सल्लार्थी' म्हटलेलंही आढळतं, म्हणजे सल्ला मागायला आलेला. हे वाचून कुणाचीही समजूत होईल की समुपदेशक म्हणजे पगारी काका. समोर बसवणार, चष्मा पुसणार आणि सुरुवात करणार, "हे बघ बाळ, आमच्या वेळी..."

गंमत अशी की विसाव्या शतकात ज्या माणसाने काउन्सेलिंगला आजचं रूप दिलं, त्या कार्ल रॉजर्स यांचं म्हणणं याच्या बरोब्बर उलट होतं. उपदेश काढून टाका, सल्ला काढून टाका, निदानसुद्धा बाजूला ठेवा, आणि मग जे उरतं तेच माणसाला बरं करतं, असं ते म्हणत. त्यांच्या पद्धतीला व्यक्तिकेंद्रित समुपदेशन म्हणतात. उपदेश वजा केल्यावर नक्की काय उरतं, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

त्याआधी आणखी एका शब्दाची गोष्ट. आपल्याकडे 'ऐकणं' याचा अर्थ बहुतेक वेळा 'आज्ञा पाळणं' असा होतो. "हा मुलगा ऐकतच नाही" याचा अर्थ त्याच्या कानात दोष आहे असा नाही. आणि "मला खूप ऐकून घ्यावं लागलं" म्हणजे बोलणी खावी लागली. लहानांनी मोठ्यांचं ऐकायचं, विद्यार्थ्याने सरांचं ऐकायचं, ही दिशा ठरलेली आहे. मोठ्याने लहानाचं नुसतं ऐकणं, काहीही सांगण्यासाठी नाही, फक्त ऐकण्यासाठी, याला आपल्या भाषेत एकच जवळचा शब्दप्रयोग सापडतो, 'मन मोकळं करणं'. पण तिथेही भर बोलणाऱ्यावर आहे. समोरचा काय करतो याला नावच नाही.

रॉजर्स यांनी आयुष्यभर त्या नाव नसलेल्या गोष्टीचा अभ्यास केला. त्यांचा जन्म १९०२ साली अमेरिकेत शिकागोजवळ ओक पार्क इथे झाला. घर कर्मठ धार्मिक. कॉलेजात गेले ते चक्क शेतकी शिकायला. मग इतिहास, मग धर्मशास्त्र, आणि शेवटी मानसशास्त्र. (ब्रँच चेंजसाठी ऑफिसच्या चकरा मारणाऱ्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवायला हरकत नाही.) १९२८ पासून बारा वर्षं त्यांनी रोचेस्टर गावात अडचणीत आलेल्या मुलांसाठी काम केलं. तिथली एक हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

एक आई आपल्या अतिशय द्वाड मुलाची तक्रार घेऊन आली होती. रॉजर्स तेव्हा नवे होते, पुस्तकी ज्ञानाने भरलेले. त्यांना कारण लगेच दिसलं: या बाईने मुलाला लहानपणापासून मनातून नाकारलं आहे. मग अनेक भेटींत ते तिला हे हळुवारपणे पटवून देऊ लागले. बाई हुशार होती, सहकार्य करत होती, पण काहीच पुढे सरकेना. शेवटी दोघांनीही कबूल केलं की प्रयत्न करून झाले, आता थांबू या. बाई उठली, दारापर्यंत गेली आणि वळून तिने विचारलं, इथे मोठ्या माणसांनाही मदत करता का? ते हो म्हणाले. ती परत खुर्चीत येऊन बसली आणि तिने आपल्या संसाराबद्दल, नवऱ्याशी दुरावलेल्या नात्याबद्दल, स्वतःच्या गोंधळाबद्दल बोलायला सुरुवात केली. आधी दिलेल्या केस हिस्टरीत यातलं काही नव्हतं. खरी मदत तिथून सुरू झाली, आणि पुढे मुलगाही सुधारला. रॉजर्स यांनी यावरून काढलेला निष्कर्ष असा: कुठे दुखतंय हे त्या माणसालाच माहीत असतं. आपली हुशारी दाखवायची हौस नसेल, तर दिशा त्यालाच ठरवू द्यावी.

आपल्याला हे सोपं वाटतं. १९४० च्या दशकात ते तसं नव्हतं. त्या काळी मानसोपचार म्हणजे तज्ज्ञाने अर्थ लावायचा आणि पेशंटने तो मान्य करायचा. रॉजर्स यांनी 'पेशंट' हा शब्दच सोडला आणि 'क्लायंट' म्हणायला सुरुवात केली. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी आपल्याला इंजिनिअर म्हणून भावेल. बंद दाराआड काय चालतं याचा त्यांनी चक्क डेटा गोळा केला. ओहायो स्टेट विद्यापीठात ग्रामोफोनच्या तबकड्यांवर, थोड्या थोड्या मिनिटांनी तबकडी बदलत, त्यांनी संभाषणं रेकॉर्ड केली. १९४२ च्या त्यांच्या पुस्तकात एका क्लायंटच्या आठ बैठका शब्दशः छापल्या आहेत. समुपदेशक किती टक्के बोलतो, कुठे अडवतो, कुठे वळवतो, हे पहिल्यांदाच मोजता आलं.

आता सिद्धांत. रॉजर्स यांच्या लहानपणी त्यांच्या घरी हिवाळ्याचे बटाटे तळघरात साठवत. प्रकाश येण्यासाठी वर बऱ्याच उंचीवर एकच छोटी खिडकी. तरी बटाट्यांना कोंब फुटत. हिरवेगार नाहीत, पांढुरके, लांबट, वेडेवाकडे, पण सगळे त्या खिडकीच्या दिशेने. त्या कोंबांचं कधी झाड होणार नव्हतं, तरी वाढण्याची धडपड सुटत नव्हती. मनोरुग्णालयातल्या माणसांशी बोलताना आपल्याला हे बटाटे आठवतात, असं त्यांनी म्हातारपणी लिहिलं. आपल्या मेसच्या कोठीत पावसाळ्यात पोत्यातून डोकावणारे कोंब ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. माणसाचं विचित्र वागणं हे बहुतेक वेळा वाईट परिस्थितीत वाढायची धडपड असते, हा त्यांचा पाया. म्हणून समुपदेशकाने कोंब ओढून सरळ करायचा नाही. खिडकी मोठी करायची.

मग कोंब वाकडा होतो तरी कशाने? रॉजर्स यांचं उत्तर आहे: अटींमुळे. लहानपणापासून आपल्याला प्रेम मिळतं ते बऱ्याचदा अटींवर. पहिला नंबर आला तर शहाणा, रडला नाही तर शूर, उलट बोलली नाही तर गुणी. हळूहळू या अटी आपण गिळतो आणि आपल्याच करून टाकतो. मग आत जे वाटतं ते एक, आणि 'मी असा आहे' ही प्रतिमा दुसरी. या दोहोंतलं अंतर वाढलं की माणूस आतून थकतो. हॉस्टेलवर याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. घरून फोन आला की "हो, मस्त चाललंय, मेस पण चांगली आहे" म्हणणारा आणि फोन ठेवल्यावर तासभर भिंतीकडे बघत पडून राहणारा कुणी ना कुणी प्रत्येक विंगमध्ये असतो. तो खोटारडा नसतो. कर्ज काढून त्याची फी भरली गेलेली असते, आणि 'मला जमत नाहीये' हे वाक्य त्याच्या प्रतिमेत बसत नसतं. इतकंच.

हे अंतर कमी व्हायला काय लागतं, यावर रॉजर्स यांनी १९५७ साली एक शोधनिबंध लिहिला. समुपदेशकाच्या वागण्यातल्या तीन गोष्टी त्यात महत्त्वाच्या आहेत.

पहिली, सच्चेपणा. आतबाहेर एक असणं. कंटाळा आलेला असताना चेहऱ्यावर 'आय अॅम लिसनिंग'चं पोस्टर लावायचं नाही. समोरच्याला ते कळतंच.

दुसरी, विनाअट स्वीकार. यावरून खूप गैरसमज होतात, म्हणून थोडं थांबते. स्वीकार म्हणजे संमती नव्हे. कुणी म्हणालं, "मी त्याची जर्नल्स फाडून टाकणार आहे", तर "फाड, फाड" म्हणायचं नाही. पण "शी, असं कसं मनात येतं तुझ्या" असंही नाही. राग इतका आहे हे खरं आहे, आणि राग आला म्हणून तू माणूस म्हणून कमी झाली नाहीस, एवढंच पोचवायचं. अट काढून घेतली की माणूस स्वतःच्या रागाकडे न घाबरता बघू शकतो, आणि नीट बघितलं की तो बहुधा स्वतःच म्हणतो की जर्नल्स फाडून काय होणार.

तिसरी गोष्ट समानुभूती. मराठीत यासाठी सुंदर जुना शब्द आहे, परकायाप्रवेश. दुसऱ्याच्या जगात शिरून ते त्याच्या डोळ्यांनी पाहायचं. पण रॉजर्स इथे एक बारीक अट घालतात: 'जणू' हा शब्द कधी सोडायचा नाही. जणू मी तू आहे. कोकणात आपण अंगात येणं पाहिलेलं असतं, तिथे हा 'जणू' सुटतो. मैत्रिणीचं दुःख ऐकता ऐकता आपणच तिच्यापेक्षा जास्त रडायला लागलो, तर तिला आपली समजूत काढावी लागते. तो परकायाप्रवेश नव्हे, अंगात येणं झालं.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी हेच दुसऱ्या भाषेत सांगते. फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये आपण लोडिंग इफेक्ट शिकतो. व्होल्टमीटरचा अंतर्गत रोध कमी असला, तर तो सर्किटमधला करंट स्वतःच ओढून घेतो आणि जे मोजायचं तेच बदलून टाकतो. चांगला मीटर जोडला तरी सर्किटला जवळजवळ कळतसुद्धा नाही. आपण बहुतेक जण कमी रोधाचे मीटर आहोत. कुणी "मला झोप येत नाही" म्हटलं की आपण "अरे मला पण, गेल्या सेमला तर..." अशी सुरुवात करतो आणि सगळा करंट आपल्याकडे! उपमा इथपर्यंतच ठीक. मीटरला माया नसते, आणि रॉजर्स यांच्या पद्धतीत मायेशिवाय काहीच चालत नाही.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? एक कल्पित प्रसंग घेऊ. एम-टूमध्ये केटी लागलेली फर्स्ट इयरची मुलगी रूमवर येऊन म्हणते, "मी घरी जाते. बॅग भरते आज." नेहमीची उत्तरं आपल्याला पाठ आहेत. "अगं केटी काय, सगळ्यांनाच लागते." "रडू नको, कुंभोजकर वाच, निघेल." "आईबाबांचा विचार कर जरा." यातलं एकही उत्तर दुष्टपणाचं नाही. पण तिन्हींचा अर्थ एकच होतो: गप्प बस आता. आता समजा रूममेट कुडाळची आहे आणि ती पलंगावर सरकून जागा करून देत फक्त एवढंच विचारते, "काय झाला गो?"

"केटी लागली."

"हम्म."

"एकच आहे. पण मला ना... घरी सांगायचं कसं तेच कळत नाही."

"केटीपेक्षा सांगायचंच जास्त टेन्शन आलंय."

"बाबांनी सगळ्या गावाला सांगितलंय. आमच्या घरातली पहिली इंजिनिअर म्हणून."

"म्हणजे नापास तू एकटी नाही झालीस, अख्खं घर झालं, असं वाटतंय."

(बराच वेळ शांतता.)

"तसं नाही अगदी. बाबा ओरडणार नाहीत. ते गप्प बसतील. तेच मला नको आहे."

बघा, शेवटच्या वाक्यापर्यंत तिला स्वतःलाही माहीत नव्हतं की तिला भीती ओरडण्याची नाही, शांततेची आहे. रूममेटचं एक वाक्य चुकलं, आणि त्याने काही बिघडलं नाही. चुकल्यामुळेच तिने ते दुरुस्त केलं आणि दुरुस्त करताना खरं काय ते सापडलं. रॉजर्स यांच्या पद्धतीला लोक 'भावनांचं प्रतिबिंब दाखवणं' म्हणू लागले, तेव्हा ते वैतागत. मी आरसा धरत नाही, मला नीट समजलंय का ते तपासून घेतो, असं त्यांचं म्हणणं होतं. बॅग भरायची की नाही हा प्रश्न अजून सुटलेला नाही, हे खरं. पण तो आता वेगळा प्रश्न आहे.

इथे महाराष्ट्रापुरती एक गोष्ट सांगायला हवी. मराठी वाचकाला मानसोपचारातलं एखादं पाश्चात्त्य नाव माहीत असेल तर ते रॉजर्स यांचं नसतं, अल्बर्ट एलिस यांचं असतं. याचं श्रेय मुंबईचे कि. मो. फडके यांना. एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून त्यांनी ती विवेकनिष्ठ पद्धत इथे रुजवली, अनेकांना शिकवली. पुढे ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' सुरू केली, तिथूनही हा विचार घराघरांत गेला. एलिस यांचं सूत्र असं की घटनेमुळे त्रास होत नाही, घटनेबद्दलच्या आपल्या हट्टी विचारांमुळे होतो. तेव्हा त्या विचारांशी वाद घाला. हे मराठी मनाला लगेच पटतं. आपल्याला वाद घालायला आवडतं, आणि संतांपासून समाजसुधारकांपर्यंत मनाला समजावण्याची परंपराही आपल्याकडे दांडगी आहे.

रॉजर्स आणि एलिस यांचा सामना तर कॅमेऱ्यावर झालेला आहे! १९६४ साली एव्हरेट शोस्ट्रम यांनी एक फिल्म घेतली. ग्लोरिया नावाची एक तरुण घटस्फोटित आई एकामागून एक तिघा नामवंतांशी बोलते: रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस. घटस्फोटानंतरच्या आपल्या आयुष्याबद्दल ती लहान मुलीशी खोटं बोललेली असते आणि ते तिला डाचत असतं. ती रॉजर्सना पुन्हा पुन्हा विचारते, मी काय करू ते सांगा. ते सांगत नाहीत. टाळतही नाहीत. हे इतकं तुझं स्वतःचं आहे की मी उत्तर देऊ शकत नाही, पण तुझं उत्तर शोधायला मला मनापासून मदत करायची आहे, अशा अर्थाचं ते बोलतात. अर्ध्या तासात ती मुलीपासून पुढे सरकून स्वतःच्या वडिलांपर्यंत येते, ज्यांच्याशी तिला असं कधी बोलता आलं नाही. पुढे ती कित्येक वर्षं रॉजर्स यांच्या संपर्कात राहिली. एलिस मात्र त्या फिल्ममध्ये इतक्या वेगाने बोलतात की आपल्याला व्हायवा आठवतो. माझं मत विचाराल तर एलिस खोटे नाहीत, पण ऐकून घेण्याआधी वाद सुरू झाला की माणूस हरतो किंवा जिंकतो, बरा होत नाही. हॉस्टेलमध्ये आपण सगळेच अर्धे एलिस आहोत. रॉजर्सची टंचाई आहे.

नुसतं मत नको, आकडेही हवेत. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या संशोधकांनी नैराश्य असलेल्या ५१० जणांवर या दोन घराण्यांची तुलना केली. एकीकडे व्यक्तिकेंद्रित उपचार, दुसरीकडे एलिस यांच्या पद्धतीशी नातं सांगणारी, विचार बदलणारी सीबीटी. २०२१ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त निकाल आला. सहा महिन्यांनी व्यक्तिकेंद्रित पद्धत सीबीटीपेक्षा कमी ठरली नाही. पण वर्षाने पाहिलं तर सीबीटी पुढे होती. म्हणजे नुसतं ऐकण्याने खूप होतं, आणि सगळं होत नाही.

रॉजर्स यांनाही हे अनुभवावं लागलं. १९५७ मध्ये ते विस्कॉन्सिनला गेले आणि तिथल्या सरकारी मनोरुग्णालयातल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर त्यांनी आपली पद्धत वापरून पाहिली. निकाल अपेक्षेइतके चांगले आले नाहीत. हे आपल्या गावाला नीट समजलं पाहिजे. महाराष्ट्रातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या रत्नागिरीत आहे, एकोणिसाव्या शतकापासूनचं. बाकीची ठाणे, येरवडा आणि नागपूरला. त्यामुळे कुणी जरा वेगळं वागलं की "याला इथेच अॅडमिट करा" हा विनोद फर्स्ट इयरलाच शिकवला जातो, आणि मग तोच मुलगा पुढे खरोखर मदत लागली तरी तोंड उघडत नाही. तीव्र मानसिक आजाराला डॉक्टर आणि औषधं लागतात, जशी मलेरियाला लागतात. समुपदेशन त्याच्या जोडीला असतं, त्याच्या ऐवजी नाही. आणि समुपदेशकाकडे जाणारा प्रत्येक जण आजारी असतो असंही नाही. कोंब वाकडा होण्यासाठी आजार लागत नाही.

आता आमच्या ब्रँचची गोष्ट. १९६६ साली एमआयटीच्या जोसेफ वाइझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो टाइप केलेल्या वाक्यातला एखादा शब्द पकडून तेच वाक्य प्रश्न करून परत पाठवायचा. "मला घरची आठवण येते" लिहिलं की "घरची आठवण तुम्हाला नेहमी येते का?" एवढीच अक्कल. या प्रोग्रॅमला त्यांनी जी भूमिका दिली, ती रॉजर्स यांच्या पद्धतीच्या समुपदेशकाची. कारण सरळ होतं. जगाची काहीही माहिती नसताना निभावून जाणारी ती एकच भूमिका त्यांना दिसली. पण झालं भलतंच. प्रोग्रॅम कसा बनला हे पाहिलेली त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्या वेळाने तिने वाइझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! ते हादरले, आणि १९७६ मध्ये त्यांनी यंत्रांच्या मर्यादांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं.

आज आपल्या मोबाइलमध्ये एलायझाची कितीतरी हुशार नातवंडं आहेत, आणि रात्री दोन वाजता त्यांच्याशी बोलणारे आपल्याच मजल्यावर आहेत. मी त्यांना हसणार नाही. रात्री दोन वाजता जागं कोण असतं? यंत्र हिणवत नाही, गावभर करत नाही. पण रॉजर्स यांची पहिली अट आठवा, सच्चेपणा. यंत्राच्या आत आणि बाहेर एक असायला त्याच्या आत काही हवं ना! आणि सारखं "तुझं बरोबर आहे" ऐकणं म्हणजे स्वीकार नव्हे, ती संमती. सेक्रेटरीला खरं काय हवं होतं, हे मला या गोष्टीतून कळतं: बंद दार, आणि मध्येच न बोलणारं कुणीतरी. एवढंही आपण एकमेकांना देत नसू, तर लोक यंत्राकडे जाणारच.

हा विषय निबंधापुरता नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. चांगलंच झालं. पण सन्माननीय प्राध्यापकवर्गाला एक नम्र विनंती. ही जागा 'मेंटॉर फॉर्म'ने भरून निघणार नाही. तो फॉर्म आपण सगळ्यांनी भरलाय: "एनी प्रॉब्लेम?" "नो सर." "साइन कर." जो माणूस माझे टर्मवर्कचे मार्क देतो, त्याच्यासमोर मी विनाअट कशी उघडी होईन? सर कितीही चांगले असोत, अट त्या टेबलावरच ठेवलेली असते. समुपदेशक मार्कांच्या बाहेरचा हवा. खोली ऑफिससमोर नको, कारण ऑफिससमोर कायम रांग असते. आणि तिथे बोललेलं तिथेच राहील, हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितलेलं हवं.

याला अपवाद एकच, जिवाला धोका असला तर. तो आपल्यालाही लागू आहे. मैत्रीण जगण्यात अर्थ नाही, सगळं संपवावं असं बोलू लागली, तर तिथे नुसतं "हम्म" पुरत नाही. सरळ विचारायचं, "तुला जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं याने बोलणं सुरू होतं. हो म्हणाली तर तिला एकटं सोडायचं नाही आणि गुपित ठेवायचं नाही. रेक्टर, घरचे, सिव्हिल हॉस्पिटल, जे जवळ असेल तिथे कळवायचं. रागावली तर रागावू दे. सरकारची 'टेलि-मानस' ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' हेल्पलाइन २०१२ पासून चालू आहे. आणि पुण्यात 'कनेक्टिंग' ही संस्था आहे. तिथले स्वयंसेवक, डॉक्टर नसलेली साधी माणसं, प्रशिक्षण घेऊन फोनवर हेच काम करतात: सल्ला न देता ऐकण्याचं.

साध्या माणसांनी हे शिकावं ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. जेझुइट पाद्री जो करी यांचं 'द बेअरफूट काउन्सेलर', म्हणजे अनवाणी समुपदेशक, हे छोटं पुस्तक शिक्षक, नन्स, वस्तीत काम करणारे अशांसाठीच आहे. त्याची वाट रॉजर्स यांचीच.

तर ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी रॉजर्स यांनीच सुचवलेला एक प्रयोग. तो १९५१ सालचा आहे आणि त्याला काही साहित्य लागत नाही. भांडण चालू असताना नियम करायचा: समोरचीचं म्हणणं तिचं समाधान होईल असं सांगून दाखवल्याशिवाय आपला मुद्दा मांडायचा नाही. समाधान झालं की नाही हे तिने ठरवायचं. आमच्या रूमवर रात्री लाइट कधी बंद करायचा यावर गेल्या सेमपासून खटका होता, तेव्हा आम्ही हे करून पाहिलं.

"तू म्हणतेस की मी स्वार्थी आहे, मला फक्त माझी सबमिशनं दिसतात."

"मी असं म्हटलंच नाही."

"बरं. तू म्हणतेस की अकराला लाइट बंद झालाच पाहिजे."

"नाही! अकरालाच असं नाही. मी म्हणतेय, कधी बंद होणार ते मला आधी कळलं तर मी त्याप्रमाणे झोपेन. रोज वाट बघत पडून राहावं लागतं."

तिसऱ्या खेपेला जमलं. आता दारामागे एक कागद चिकटवलाय. जिला जागायचंय ती जेवायला जाण्याआधी त्यावर वेळ लिहिते.